कुरवाळण्याचा भत्ता

आमच्या घरात हुद्द्याने सगळ्यात मोठा होता तो कुत्रा. हे मी रागाने म्हणत नाही, पोलीस खात्याच्या दप्तरात तशी नोंदच होती. आमचे हे साधे शिपाई आणि सरदार त्यांच्यापेक्षा एक पायरी वर. परेडच्या वेळी हे त्याला सलाम ठोकायचे आणि घरी आल्यावर त्याचे कान पुसायचे. मला सांगा, दुसऱ्या कुठल्या ऑफिसात वरिष्ठांना असं कान पुसायला घरी घेऊन जातात?

सरदारचं काम स्फोटकं हुंगून काढायचं. सापडली की भुंकायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, गुपचूप समोर बसायचं. त्याच्या गळ्यात रुंद चामडी पट्टा चढला की तो ड्यूटीवर, आणि तो काढून निळा कापडी पट्टा घातला की घरचा. हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं की चामड्यात असला की मला ओळखसुद्धा दाखवायचा नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

घरची ड्यूटी मात्र ह्यांचीच. केस विंचरायचे, दात घासायचे, नखं कापायची, पंजे तपासायचे, सकाळ-संध्याकाळ पळवून आणायचं. वर खायला घालायचं तेही ह्यांनीच, कारण परक्याच्या हातचं खायचं नाही असं त्याला शिकवलं होतं. नाहीतर एखादा चोर हाडूक टाकून मोकळा व्हायचा. ह्यांनी ‘घे’ म्हटल्याशिवाय तो तोंड लावायचा नाही. आणि परक्यांच्या त्या यादीत आमच्या सासूबाईही होत्या.

सासूबाईंच्या हाताला चव होती. गल्लीत कुणाची आजारी माणसं जेवेनाशी झाली की त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी हौसेने पुढे केलेला घास सरदारने नुसता पाहिला आणि तोंड फिरवलं. सासूबाई थिजल्या. “माझ्या हातचं नाकारलं! त्या मेल्या माझ्या दिरानेसुद्धा कधी नाकारलं नाही.” त्या दिवसापासून त्यांनी सरदारशी अबोला धरला. त्याला काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत सांगायच्या. “सांग त्याला, वाटेतून उठ म्हणावं.”

हे सगळं चाललंच असतं, पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं. ऐन जेवणाच्या वेळी ह्यांनी घड्याळ पाहिलं, उठले, “आलोच” म्हणाले आणि सरदारला भरवायला घरी निघून गेले. त्या लग्नाचा फोटो आहे माझ्याकडे. सगळे जोडीजोडीने बसलेत आणि माझ्या शेजारी रिकामी खुर्ची. माझ्या आत्याने भर मांडवात मोठ्याने विचारलं, “का गं, भांडलात की काय?”

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, “अहो, कुत्रा सरकारचा. त्याची नखं सरकारची. मग ती कापण्याचा पगार सरकारने नको द्यायला?”

हे इतके लाजले, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगत होते. “अगं, सरदारला खायला घातल्याचे पैसे मागू? मला मुलासारखा आहे तो.”

“प्रेमाचे पैसे मागूच नका. ब्रश फिरवायचे मागा.”

“वरिष्ठांना काय वाटेल?”

“कुठल्या वरिष्ठांना? ह्याला?” मी सरदारकडे बोट दाखवलं. त्याने जांभई दिली. त्याची काही हरकत दिसली नाही.

आता अर्ज लिहायचा म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या नियमकाकांना वगळून कसं चालेल? काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नियम काही त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. जिन्यात कुणी शिंकलं तरी ते कुठल्या तरी पोटकलमात बसवायचे. आनंदाने त्यांचे डोळे लकाकले. “सूनबाई, याला म्हणतात ‘कर्तव्येतर काळातील श्वानसंगोपन भत्ता’!” ते म्हणाले. मला तर ते नाव ऐकूनच पैसे मिळाल्यासारखं वाटलं.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्यांचा सल्ला वेगळा. “अर्जबिर्ज काही नको. कुत्र्याला घेऊन सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर बसा. आपोआप मंजूर होतं.” तो मी गंभीरपणे विचारात घेतला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

काकांनी सांगितला, मी लिहिला, असा अर्ज झाला. वाचताना नियमकाका मध्येच थांबले. “एक अडचण आहे. वरिष्ठांविषयी अर्ज करायचा तर वरिष्ठांची संमती लागते.” वरिष्ठ पलंगाखाली झोपले होते. काकांचं म्हणणं, पंजाचा ठसा चालेल. मग शाई आणली. सरदारने ठसा अगदी शिस्तीत दिला, सुबक, बोटं मोकळी. मग कुणी पंजा पुसायच्या आत खाली फेरीवाला ओरडला आणि सरदार ते बघायला खिडकीकडे निघाला. नुकती पुसलेली फरशी, सासूबाईंची वाळत घातलेली पांढरी चादर, नियमकाकांचं धोतर, सगळीकडे संमती उमटली. सासूबाई मला म्हणाल्या, “सांग त्याला, चादरीवर सही करायची गरज नव्हती.”

उत्तर आलं, पण ते भांडार विभागाकडून. तेव्हा कळलं की सरदार परेडवर जरी वरिष्ठ असला तरी भांडाराच्या यादीत तो टॉर्च आणि शिट्टी यांच्या मध्ये होता. ‘सदर उपकरण वापरात नसताना कोरड्या जागी ठेवावे. बिघाड झाल्यास जमा करावे.’ आणि खाली माझ्यासाठी, कारण अक्षर बायकोचं आहे हे त्यांनी ओळखलं असावं: ‘आपला सदर उपकरणाशी संबंध स्पष्ट करावा.’

माझा संबंध! ज्याच्या केसांनी माझ्या घरातल्या प्रत्येक उशीला अस्तर लावलं होतं, त्याच्याशी माझा संबंध मी स्पष्ट करायचा! मी रागाने चार पानं लिहिली. ह्यांनी ती वाचली आणि हळूच कपाटावर ठेवून दिली. त्याऐवजी अर्ज जनावरांच्या दवाखान्याकडे गेला. त्यांनी कळवलं की अर्जदार हा मनुष्य असल्याने तो त्यांच्या कक्षेत येत नाही. एवढं एक प्रमाणपत्र मात्र सरकारने आम्हाला फुकट दिलं.

शेवटी अर्ज हिशेब विभागात पोचला, आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी तो वाचला. तेच आमचं दुर्दैव. हिशेब विभागाने विचारलं की या सगळ्यात काम किती आणि लाड किती? विंचरणं काम असेल, पण कुरवाळणं? कुत्रा झोपलेला असताना त्याच्याकडे पाहत बसणं कशात धरायचं? आणि सगळ्यात शेवटी एक साधं वाक्य होतं. संगोपनाचा भार वाटत असल्यास श्वानास खात्याच्या पिंजरागृहात हलवता येईल. आमचे अधिकारी घरी येऊन पाहणी करतील आणि मग काय ते ठरेल.

ह्यांनी ते वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला. पिंजरागृह शहराबाहेर होतं. सिमेंटचे खण, लोखंडी दारं, आणि संध्याकाळी रखवालदार कुलूप लावून गेला की सकाळपर्यंत कुणी नाही. सरदार तिथून आला तेव्हा आठवडाभर उघड्या दाराला पाठ लावून झोपायचा, दार बंद होऊ नये म्हणून.

“अर्ज मागे घेऊ या,” हे म्हणाले.

मी पैसे मागायला गेले आणि घरातला जीव घालवायची वेळ आणली होती. नियमकाकांनी सांगितलं की पाहणी ठरल्यावर अर्ज मागे घेता येत नाही, नियमच आहे. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “गेला तर गेला. मला काय!” आणि नंतर भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली.

पाहणीसाठी ह्यांच्या सुट्टीचा दिवस निवडला गेला. हिशेब अधिकारी सकाळी हजर. किडकिडीत गृहस्थ, भांग इतका सरळ की पट्टी लावून पाडला असावा, हातात फुगलेली चामडी बॅग. सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं, “फरशी ओली आहे, बूट बाहेर.” साहेब मोज्यांवर आत आले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. ते पाहून मला जरा धीर आला. सरकार म्हटलं तरी त्यालाही अंगठा असतो.

बॅग खुर्चीखाली ठेवून त्यांनी घड्याळ काढलं. हे ब्रश फिरवू लागले. साहेब म्हणाले, “काम.” हे दात घासू लागले. “काम.” मध्ये सरदारने मान वर केली आणि ह्यांनी सवयीने त्याच्या कानामागे खाजवलं. साहेबांनी घड्याळ थांबवलं. “हे कशासाठी?”

“हे... असंच साहेब.”

“लाड,” साहेब म्हणाले, आणि पेन असं टेकवलं की सरदारच्या पिंजऱ्याला कुलूपच लागलं.

मी नियमकाकांकडे पाहिलं. ते दारात साक्षीदार म्हणून उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. पाठीमागून काकू कुजबुजल्या, “टेबलासमोर बसवलं असतं तर...”

“आता पट्टा काढून मान पुसतो,” हे म्हणाले आणि निळा पट्टा काढून ओलं फडकं आणायला मोरीत गेले.

पुढे जे झालं त्याला जबाबदार आमच्या सासूबाई, आणि कारण त्यांचा मानीपणा. कुत्र्याशी त्यांचा अबोला, तो गेला तरी त्यांना काय, पण परक्या माणसासमोर आपल्या घरातलं कुणी आधी विटक्या निळ्या चिंधीत आणि आता उघड्या मानेने बसलेलं त्यांना बघवेना. भिंतीवरच्या खुंटीवर चामडी पट्टा होता, पितळी बिल्ल्याचा. तो बिल्ला त्यांनी पहाटेच चिंच लावून घासून ठेवला होता, हे मला तेव्हा दिसलं. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तो सरदारच्या गळ्यात अडकवला. “हां. आता कसा घरंदाज दिसतो!”

सरदार उठला. कान ताठ झाले, शेपूट सरळ झाली, आणि आम्ही सगळे त्याच्या दृष्टीने परके झालो. मोरीतून हे ओरडले, “आई, तो पट्टा नको!” पण आमचे चारपायी साहेब ड्यूटीवर गेले होते.

त्याने खोली हुंगायला सुरुवात केली. कपाट, पलंगाखाली, माझी शिवणाची टोपली, नियमकाकांचं धोतर. खरं सांगते, इतकी वर्षं जे नुसतं ऐकलं होतं ते डोळ्यांसमोर चाललेलं पाहून अंगावर काटा आला. मग सरदार खुर्चीजवळ आला, साहेबांच्या बॅगेशी नाक नेलं, एकदा, दोनदा. आणि गुपचूप समोर बसला.

काकू म्हणाल्या, “दमला का हो?”

आमचे हे फडकं हातात घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा बदलला. आयुष्यात कधी ऐकला नव्हता असा आवाज त्यांच्या तोंडून आला, शांत आणि धारदार. “सगळ्यांनी बाहेर पडायचं. पळायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही.”

साहेब म्हणाले, “अहो, माझी बॅग—”

“बॅगेला हात नाही लावायचा, साहेब.”

“मी हिशेब अधिकारी आहे!”

“बाहेर!”

ज्या माणसाला भत्ता मागताना वरिष्ठांचं मन दुखेल अशी भीती वाटत होती, त्याने वरिष्ठांना मोज्यांवर जिन्याखाली उतरवलं. माझी मान इतकी ताठ झाली की जिन्याच्या दाराच्या चौकटीला मी आपटले.

सगळी इमारत रस्त्यावर आली. काकू शिवणयंत्राचं झाकण तेवढं घेऊन आल्या, यंत्र वर राहिलं. एक गृहस्थ अर्ध्या दाढीने आले. नियमकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की बाहेर पडण्याचा क्रम चुकला आहे. हिशेब अधिकारी फुटपाथवर एका पायावर उभे होते, कारण फरशी तापली होती आणि अंगठा उघडा होता. हे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवरून पथकाला वर्दी देऊन आले, आणि सरदारचा पट्टा धरून दाराशी उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी. बनियनवर.

पथकाची गाडी आली. जाड गादीसारखा पोशाख घातलेला एक माणूस डुलत डुलत आत गेला. आम्ही कानांवर हात ठेवले. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, आणि हातातला प्लॅस्टिकचा पुडा वर धरला.

“खत आहे,” तो म्हणाला. “झाडांचं. यात आणि स्फोटकांत एक द्रव्य सारखंच असतं. कुत्र्याचं नाक चुकलं नाही. बॅग कुणाची?”

सगळा रस्ता साहेबांकडे वळला. त्यांचे कान लाल झाले.

सासूबाई पुढे झाल्या. “कशाचं खत म्हणायचं?”

“गुलाबाचं,” साहेब पुटपुटले.

“कधी घेतलंत?”

“आत्ताच. येता येता. वाटेत रोपवाटिका लागते...”

“म्हणजे ऑफिसच्या वेळात.”

तो प्रश्न नव्हता. अर्ध्या दाढीचे गृहस्थ हसले. साहेबांना ते लागलं. ते तावातावाने म्हणाले, “अहो, कळ्या धरल्यात! आज घातलं नाही तर करपतील. त्यांना काय कळतं ऑफिसची वेळ कुठली आणि घरची कुठली? जिवंत वस्तू आहे ती!”

आणि ते थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानात शिरताना आम्हाला दिसलं.

सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “तुमचे गुलाब सरकारच्या वेळात, आणि सरकारचा कुत्रा आमच्या वेळात. नाही, सहज म्हटलं.”

तेवढ्यात ह्यांनी गुडघे टेकले, भर रस्त्यात सरदारला मिठी मारली आणि त्याची मान, छाती, कान असे काही घुसळले की बघत राहावं. “शाब्बास! शाब्बास रे माझ्या राजा!” सरदारची शेपूट ह्यांच्या तोंडावर फटाफट बसत होती.

साहेबांनी वही काढली, पण पेन टेकवलं नाही. “हे... लाड ना?”

“नाही साहेब,” हे मान वर करून म्हणाले. अजून तोच आवाज होता. “हे काम आहे. आत्ता नाही केलं तर पुढच्या वेळी तो बसणार नाही. त्याला दुसरा पगार कुठे असतो?”

पथकाच्या माणसाने मान डोलावली. साहेबांनी उघड्या अंगठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “समजा, तुम्ही आजारी पडलात. मग ह्याला कोण भरवतं?”

“कुणीच नाही, साहेब. तो उपाशी राहतो.”

“आणि उपाशी कुत्रा काय हुंगणार? मग तो पिंजऱ्यात असला काय आणि घरी असला काय...” एवढं म्हणून त्यांनी बूट मागितले. खताचा पुडा पथकाने पंचनाम्यासाठी जप्त केला. त्या गुलाबांचं पुढे काय झालं ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

हुकूम आला तो दिवस मी विसरणार नाही. नियमकाका जिन्यातूनच वाचत आले आणि दोनदा घसरले. सरदार घरीच राहणार. रोज ठरावीक वेळ पगारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ब्रश, दात, नखं, पळवणं, आणि त्याखाली साहेबांच्या हस्ताक्षरात घातलेला शब्द: ‘कुरवाळणे’. ह्यांनी तो शब्द वाचला आणि सरदारच्या गळ्यात तोंड लपवलं. ते ग्राह्य काम होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

शेवटचं कलम असं होतं की घरातल्या आणखी एका व्यक्तीला संगोपनाचं रीतसर शिक्षण देऊन मदतनीस नेमावं. मला वाटलं मीच. माझाच अर्ज, माझंच अक्षर. पण सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. “तुला बाई माहेरची लग्नंकार्यं असतात.”

खात्याच्या मैदानावर त्या रोज सकाळी जाऊ लागल्या. शिकवणारा जमादार त्यांना घाबरायचा. आणि एके दिवशी त्यांनी घास पुढे केला, हे शेजारी उभे राहिले, आणि सासूबाईंनी इतक्या दिवसांचा अबोला मोडून थेट त्याला म्हटलं, “घे.”

सरदारने ह्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. आणि घेतला. बोटंसुद्धा चाटली. सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि जमादाराला दरडावलं, “धूळ किती आहे हो तुमच्या मैदानावर, डोळ्यांत जाते!”

त्यानंतर माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. मी नवं लुगडं काढलं, ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. सासूबाई मात्र घरच्याच कपड्यांत. “आई, तुम्ही अजून आवरलं नाही?”

“मी नाही येत,” त्या ब्रश झटकत म्हणाल्या. “माझी ड्यूटी आहे.”

त्या लग्नाचाही फोटो आहे माझ्याकडे. त्यात माझ्या शेजारची खुर्ची भरलेली आहे. फक्त सगळे समोर बघतायत आणि आमचे हे मनगटावरच्या घड्याळाकडे. फोटोवाल्याने दिवा उडवला तेव्हा ते माझ्या कानात विचारत होते, “आईने त्याचे कान पुसले असतील ना गं?”